असन्निधानातील विश्वास

परमेश्वर कृपाळू आहे, हे ऐकून मान डोलावणे सोपे. चूल विझली असता तेच मनात टिकविणे कठीण. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. मोडत मात्र गेला. लालबाग-परळच्या चाळींतून कित्येक बिऱ्हाडे गावी परतली. अशा वेळी जीव विचारतो, ‘देव आहे, तर गिरणीचा भोंगा का वाजत नाही?’

या प्रश्नात गल्लत आहे. सुखदुःख हे कर्माचे फळ. ते देवतांच्या द्वारे भोगास येते. परमेश्वराचे दातृत्व निराळे. तो ज्ञान व प्रेम देऊन जीवाला बंधातून सोडवितो. मात्र एवढ्यावरून दुःखिताला दोषी ठरवू नये. कोणाचे कोणते कर्म फळले, हे जीवाला कळत नाही.

श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्य विरहाने व्याकूळ झाले; पुढे ते ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. त्यांचे दुःख खोटे नव्हते, तरी ते सेवेच्या आड आले नाही. विश्वास म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे. दुःखातही स्मरण व आज्ञा न सोडणे, हा विश्वास.

हा विश्वास हात बांधून बसावयास सांगत नाही. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. यत्न जीवाने करावा, भुकेल्यास घास द्यावा. आणि फळावरून परमेश्वराची कृपा मोजू नये.