लोडरचा हायड्रॉलिक सिलिंडर उघडताना

उचलून धरलेला लोडरचा हात आपोआप खाली येऊ लागला, तर दोष सिलिंडरमध्ये असेलच असे नाही. तो नियंत्रण झडपेतही असू शकतो. दांड्यालगत तेल पाझरत असेल, तर मात्र तेथील सील झिजले असे समजावे.

प्रथम बकेट जमिनीवर पूर्ण टेकवावी, इंजिन बंद करावे आणि नियंत्रणाची मूठ सर्व दिशांना हलवून नळ्यांतील दाब उतरवावा. उचललेल्या हाताखाली केवळ तेलाच्या भरवशावर शिरणे जिवावर बेतते. गळती बोटाने चाचपणेही तितकेच घातक. बारीक छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी रुग्णास विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे न्यावे लागते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी.

नळ्यांची व सिलिंडरची तोंडे झाकून सिलिंडर बाहेरून स्वच्छ धुवावा. तोंडाशी असलेले ग्लँड काही बनावटींत आट्यांनी, तर काहींत कडीने अडकविलेले असते. ते ओळखल्याविना हातोडा उचलू नये. दट्ट्या अडकल्यास कॉम्प्रेसरची हवा सोडण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास दांडा वेगाने बाहेर फेकला जाऊन प्राणघातक अपघात संभवतो.

जुने सील काढण्यापूर्वी त्याच्या ओठाची दिशा टिपून ठेवावी. तो ओठ तेलाच्या दाबाकडे असतो. दांड्याच्या क्रोमियम मुलाम्यावर नख अडकेल असा ओरखडा असल्यास नुसते सील बदलणे म्हणजे खर्च वाया घालविणे होय.