निनावी सेन्सर जोडताना

गारखेडा परिसरातली इंजिनीअरिंगची मुलं माझ्याकडे जुनी सर्किटं घेऊन येतात. कुणी जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून आणलेलं असतं, कुणी मोडीत निघालेल्या अलार्ममधून काढलेलं. हालचाल ओळखणारा सेन्सर त्यात हमखास असतो, कारण जिन्यातला दिवा आपोआप लागावा असं प्रत्येकाला वाटतं. सोबत डेटाशीट नसते, नावही खोडलेलं असतं. अशा वस्तू हाताळताना जे पक्कं होत गेलं, ते त्या मुलांसाठी लिहितो.

१. सेन्सर घरच्या विजेवर चालतो का, हे सगळ्यात आधी बघा.

छताला किंवा बल्बच्या होल्डरला बसणारे तयार सेन्सर थेट २३० व्होल्टवर चालतात. उघडून पाहिलं तर बऱ्याच वेळा आत ट्रान्सफॉर्मर नसतोच. ४०० किंवा ६३० व्होल्ट छापलेला एक जाड कपॅसिटर, चार डायोड, एक झेनर आणि रिले, एवढ्यावर काम भागवलेलं असतं. मीटर लावला की आतल्या भागावर ५ किंवा २४ व्होल्ट दिसतात आणि मुलं निर्धास्त होतात. पण मीटर सांगतो तो दोन बिंदूंमधला फरक. त्याच सर्किटचं ग्राउंड डायोडमधून फेजलाही जोडलेलं असतं, त्यामुळे जमिनीच्या हिशेबात ते जिवंत असतं. प्लग उलटा घातला तरी सुटका नाही. तिथून एक वायर आर्डुइनोला, आर्डुइनो यूएसबीने लॅपटॉपला आणि लॅपटॉप मांडीवर, एवढ्या रस्त्याने वीज माणसापर्यंत पोचते.

असा सेन्सर मायक्रोकंट्रोलरला जोडायचाच नाही. त्याच्याकडून हालचालीची बातमी हवीच असेल, तर दिव्याकडे जाणाऱ्या बाजूवर इलेक्ट्रिशियनकडून एक चांगला मोबाइल चार्जर बसवून घ्या. दिवा लागला की चार्जर ५ व्होल्ट देतो, आणि चार्जरच्या आतला ट्रान्सफॉर्मर तुम्हाला मेन्सपासून वेगळं ठेवतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर पुढच्या प्रयोगाआधी तो बसवा. ही गोष्ट मी प्रत्येक मुलाच्या आईवडिलांनाही सांगतो.

उघडतानाही प्लग काढून थोडं थांबा. कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहू शकतो.

२. “काका, लाल प्लस, काळी मायनस, उरलेली सिग्नल ना?”

नाही. तीन वायरचे असे सेन्सर मिळतात ज्यांत लाल प्लस, तपकिरी ग्राउंड आणि काळी वायर सिग्नलची असते. रंग सोडा, बोर्ड वाचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरच्या पट्ट्याकडचा पाय मायनस. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून त्या पायापासून कोणत्या वायरला बीप येते, ते बघा. एचसी-एसआर५०१ असेल तर वरचा पांढरा घुमट अलगद निघतो आणि पिनांची नावं बहुधा त्याच्याखाली छापलेली असतात.

३. पहिली वीज रेझिस्टरमधून.

ग्राउंड आणि प्लस सापडले की ५ व्होल्ट द्या, पण मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घालून. जोडणी उलटी झाली तरी ५० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाणार नाही. एचसी-एसआर५०१सारखा सेन्सर मायक्रोअँपिअरमध्येच वीज घेतो, म्हणून रेझिस्टरवर जवळपास काहीच व्होल्ट पडायला नकोत. एक-दोन व्होल्ट पडले तर लगेच बंद करा.

सुरुवातीचं मिनिटभर आउटपुट कसंही उड्या मारतं. त्या वेळात सेन्सर खराब ठरवू नका.

४. सिग्नल आधी मीटरला, मग पिनला.

समोर हात हलवा आणि आउटपुट मोजा. ३.३ व्होल्ट आले तर ईएसपी३२लाही थेट चालतील. ५ व्होल्टच्या आर्डुइनो उनोला ‘हाय’ समजायला ३ व्होल्ट लागतात, तिथेही काम होतं. आउटपुट ५ व्होल्ट असेल आणि बोर्ड ईएसपी३२ असेल, तर १० किलोओहम वर आणि २० किलोओहम खाली असा डिव्हायडर लावा.

मीटर हललाच नाही, तर ओपन कलेक्टर असू शकतो. सिग्नल आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये १० किलोओहम लावून पुन्हा मोजा. आता हालचाल झाली की व्होल्ट खाली जातील, म्हणून प्रोग्रॅममधली अटही उलटी लिहा.

अलार्मच्या १२ व्होल्टच्या सेन्सरमध्ये बहुधा रिलेचा कोरडा संपर्क असतो, एरवी जोडलेला आणि हालचालीला सुटणारा. त्या दोन टर्मिनलवर व्होल्ट नाहीत याची खात्री करून एक पिनला, दुसरं ग्राउंडला द्या आणि आतला पुल-अप चालू करा. १२ व्होल्टची वायर बोर्डाच्या आसपासही फिरकू देऊ नका.

५. मे महिन्यात सेन्सरला दोष देऊ नका.

पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक पकडतो. आपल्याकडे पारा ४०च्या वर गेला की तापलेली भिंत आणि माणूस जवळपास सारखेच होतात. हिवाळ्यात जिन्याच्या तळापासून ओळखणारा सेन्सर मग दोन-चार पायऱ्यांवर येईपर्यंत गप्प राहतो. एचसी-एसआर५०१च्या बोर्डावर थर्मिस्टरसाठी ‘आरटी’ अशी रिकामी जागा असते, ती याच कारणासाठी. ती भरली नसेल तर उन्हाळ्यापुरता सेन्सर वाटेच्या जवळ आणा आणि माणूस समोरून चालत येण्याऐवजी आडवा जाईल असा बसवा. आडवी हालचाल त्याला लवकर कळते.