डाव्या हाताची तीन बोटं

सलग दोन हिवाळे मी डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं पदराआड लपवत होते. शेंडे खरखरीत, तडकलेले. कणकेतलं मीठ भेगेत गेलं की डोळ्यांत पाणीच. नाशिकची थंडी, त्यात माझा पोळी-भाजीचा धंदा, तेव्हा कामाचे हात असेच असायचे, असं मी धरून चालले. उजवा हात ठणठणीत आहे, हे मात्र मला दिसलंच नाही.

आधी ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू. भेगांवर लिंबू चोळायचं आणि आग झाली की लागू पडतंय म्हणायचं! मग सुवासिक लोशनच्या बाटल्या. अर्ध्या तासात हात होते तसे. शेवटी औषधांच्या दुकानातल्या मुलानं एक ट्यूब दिली, आणि चार दिवसांत बोटं गुळगुळीत. मी खूश. संपली की नवी आणायची. तीन महिन्यांनी कातडी कागदासारखी पातळ झाली आणि लावणं थांबवलं की दुप्पट भडका उडायला लागला. ट्यूबवर क्लोबेटासोल छापलेलं होतं. म्हणजे जोरदार स्टेरॉइड, जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध. डॉक्टर मोजून दिवस ठरवून देतात ते वेगळं. मी ते क्रीमसारखं थापत होते.

त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही हात उलटेसुलटे पाहिले आणि विचारलं, "लसूण तुम्हीच सोलता ना?"

उजव्या हातात सुरी धरणारी बाई पाकळी डाव्या हाताच्या याच तीन बोटांत धरते. लसणातल्या डायअलिल डायसल्फाइडची काहींना अ‍ॅलर्जी होते. पाठीवर पट्ट्या चिकटवून केलेल्या चाचणीत तेच निघालं. हातमोजे घालीन म्हटलं, तर तो रस साध्या मोज्यांतूनही आत जातो म्हणे. म्हणजे लसूण हातात घ्यायचाच नाही.

"आणि क्रीम कुठलं?" मी वही उघडून बसले. उत्तर ऐकून हिरमुसलेच: साधी पांढरी पेट्रोलियम जेली, बिनवासाची. साबण कातडीच्या पेशींमधली चरबी धुऊन नेतो आणि आतलं पाणी उडत राहतं. जेली स्वतः पाणी देत नाही, असलेलं अडवते. म्हणून हात कोमट पाण्यानं धुवायचे, नुसते टिपायचे आणि ओलसर असतानाच लावायची. पातळ लोशनमध्ये मुळात पाणीच जास्त, म्हणून माझ्या बाटल्या भराभर संपल्या आणि हात कोरडेच राहिले. वासाचं काही घेऊच नका. अ‍ॅलर्जीच्या संशयितांत आणखी एकाची भर कशाला?

जेलीच्या हातांनी पोळ्या लाटता येत नाहीत, हे मॅडमना मी सांगितलं. म्हणून दिवसा ग्लिसरीनचं घट्टसर क्रीम, काम आटोपून हात धुतले की दर वेळी. रात्री जेली आणि वर सुती मोजे. मी पायातले जुने मोजेच चढवले, घरात हसले सगळे. दहा टक्के युरियाचं क्रीम राठ कातडी छान मऊ करतं, पण उघड्या भेगेवर झोंबतं. भेगा मिटल्यावरच ते आणलं. भांडी घासताना रबरी मोजे, आत सुती.

एकाच हाताची कातडी सुटत असेल आणि पायांनाही तेच होत असेल, तर क्रीमं बदलत बसू नका. ती बुरशी असू शकते, आणि स्टेरॉइडखाली ती झाकली जाऊन वाढत राहते. तपासून घ्या.

बोटं भरून यायला दोन महिने लागले. मालवणच्या जाऊबाई दर वर्षी भिरंडेलाचे गोळे पाठवतात, कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल. पळीत वितळवून टाचांना लावते, हातांना जेलीच. लसूण आता हे सोलतात. एका गड्डीला पाऊण तास लावतात आणि साली ओट्यावर तशाच टाकतात. मी बोलत नाही.