प्रवचन मोबाइलवर: सर्व्हरचा खर्च किती?

कर्नाटकातल्या बैलकुप्प्यात दलाई लामांची प्रवचनं 2013 साली सेरा मठात आणि 2015 साली ताशी ल्हुन्पो मठात झाली. अशा प्रवचनांना येणाऱ्यांना छोटा एफएम रेडिओ आणि इअरफोन सोबत आणायला सांगतात. दुभाषे बोलतात ते त्यावर आपापल्या भाषेत ऐकू येतं. मंडपातल्यांसाठी ही सोय आजही सरस. शेकडो मोबाइल एका वायफायवर लोटले की राउटर मान टाकतो. शिवाय मोबाइलवर आवाज काही सेकंद मागून येतो, हशा आधी आणि विनोद नंतर! पण एफएम प्रक्षेपणाला सरकारी परवाना लागतो आणि मंडपाबाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. आपल्या सप्ताहाचं कीर्तन गावाबाहेरच्या मंडळींना ऐकवायचं असेल, तर सर्व्हर हवा.

त्यासाठी लागणारं ‘आइसकास्ट’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. घरातला जुना लॅपटॉप चालतो. रास्पबेरी पाय घेतलात तर त्याला माइकची जागाच नसते, म्हणून यूएसबी साउंड कार्ड घ्या. साधारण पाचशे ते तीन हजार रुपये.

खरा हिशेब इंटरनेटचा. भाषणाला 64 केबीपीएस पुरतात, पण शंभर श्रोते म्हणजे 6.4 एमबीपीएस अपलोड, तोही अखंड. म्हणून मला घरचा सर्व्हर पटत नाही. महिना पाचशे-आठशे रुपयांत भाड्याचा सर्व्हर मिळतो. मग मंडपातून एकच प्रवाह वर जातो, वाटप तिकडून होतं आणि स्टॅटिक आयपीचा जादा खर्चही वाचतो. एका श्रोत्याला तासाला जेमतेम 29 एमबी डेटा लागतो. वीज गेली तरी प्रसारण चालावं म्हणून इन्व्हर्टरच्या खर्चाला मात्र कात्री लावू नका.

आवाज फाटत असेल तर मिक्सरची लाइन-आउट माइकच्या भोकात गेली आहे का, ते आधी बघा. सतत घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं थांबलं तर दोष अर्थिंगचा, आयसोलेटर बसवा. प्रसारण मध्येच तुटतं? दहा सेकंद आवाज पोचला नाही की आइसकास्ट जोडणी सोडतो, तेव्हा वायफाय सोडून केबल लावा. संस्थेच्या पानावर बटण दाबूनही काही वाजत नसेल, तर पान ‘एचटीटीपीएस’ आणि प्रवाह साधा ‘एचटीटीपी’ असण्याची शक्यता मोठी. प्रवाहही ‘एचटीटीपीएस’वर न्या, त्यासाठीचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. आइसकास्टची मुळातली श्रोत्यांची मर्यादा शंभर आहे, ती वाढवून घ्या. आणि पासवर्ड मुळात ‘हॅकमी’ असतो, तो पहिल्याच दिवशी बदला.