एका फटक्याचं अंतर



नाशिकला गेलात की 'गोल्फ क्लब मैदान' हे नाव कानावर पडतं. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे क्रिकेट चालतं, रणजीचे सामनेही झाले आहेत. गोल्फ मात्र दिसत नाही. मग गोल्फ म्हणजे काय हो बाई, असं सातवीच्या मुलींनी विचारलं. त्यासाठी हा पाठ.

गोट्या खेळताना आपण गल करतो. गोल्फमध्ये तशाच १८ गली असतात, पण एकेक काही शे मीटर दूर. गलीचं तोंड फक्त सव्वाचार इंच. लहानसा कडक चेंडू काठीने टोलवत तिथवर न्यायचा आणि आत घालायचा. जिचे फटके सगळ्यांत कमी, ती जिंकली. क्रिकेटात धावा वाढवायच्या, इथे आकडा कमी ठेवायचा! प्रत्येक गलीला किती फटके लागावेत हे आधी ठरलेलं असतं. त्याला 'पार' म्हणतात.

फटके लिहून घेते सोबत खेळणारी. शेवटी आपण ते तपासून सही करायची. सही केलेल्या कागदावर खऱ्यापेक्षा कमी फटके निघाले तर खेळाडू बाद. मला या खेळातलं हे सगळ्यांत आवडलं.

आता अदिती अशोकची गोष्ट. तिचा जन्म २९ मार्च १९९८ रोजी बंगळूरला झाला. घरात कुणी गोल्फ खेळत नव्हतं. हॉटेलात खायला गेले असता शेजारचं मैदान दिसलं, आणि पाच वर्षांची पोर काठी घेऊन उभी राहिली. हा खेळ महागाचा आहे, ते मी लपवत नाही. काठ्या, मैदान, प्रवास, सगळ्याला पैसा लागतो.

डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्को देशात युरोपच्या महिला स्पर्धांची पात्रता फेरी होती. सतरा वर्षांची अदिती तिथे पहिली आली. जानेवारी २०१६ पासून ती व्यावसायिक खेळाडू झाली, म्हणजे खेळ हीच रोजीरोटी. पण इथे महिन्याचा पगार नाही. बहुतेक स्पर्धांत दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवतात आणि त्यांना बक्षिसातला पैसाही मिळत नाही. जाण्यायेण्याचा खर्च तर झालेलाच असतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुरुग्रामला तिने इंडियन ओपन जिंकली. युरोपच्या महिला मालिकेतली स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय. पुढच्या वर्षी ती अमेरिकेच्या मालिकेत गेली. तिथे तिच्याआधी कोलकात्याची सिमी मेहरा खेळून आली होती, तिलाही विसरू नका.

ऑलिंपिकमध्ये अदिती २०१६ साली रिओला पहिल्यांदा खेळली. काठ्यांची पिशवी वडिलांच्या खांद्यावर. २०२१ मध्ये टोकियोला ती पिशवी आईने उचलली. जागतिक क्रमवारीत अदिती तेव्हा दोनशेच्या आसपास होती. तिचा फटका इतरांइतका लांब जात नव्हता, पण गलीजवळ आली की तिचा हात पक्का! तिसऱ्या दिवसअखेर ती दुसरी होती.

आता पाटी घ्या. तिथला पार ७१, दिवस चार. ७१ × ४ = २८४. अदितीचे फटके: ६७, ६६, ६८, ६८. बेरीज २६९. अमेरिकेच्या नेली कोर्डाचे २६७, तिला सुवर्ण. जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को यांचे २६८-२६८. त्यांच्यात रौप्य आणि कांस्य. अदिती चौथी. चार दिवस, ७२ गली आणि फरक एका फटक्याचा! वर्तमानपत्रांनी 'पदक हुकलं' असं छापलं. मला वाटतं, चौथा नंबरही मोठ्या अक्षरांत छापायला हवा होता.

असं थोडक्यात हुकणं आपल्या जिल्ह्यालाही ठाऊक आहे. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर धावली. केरळची प्रीजा श्रीधरन पहिली, कविता दुसरी, आणि दोघींत एक सेकंदाचंही अंतर नव्हतं.

टोकियोनंतर अदिती घरी बसली नाही. २०२३ मध्ये तिने केनियात आणि स्पेनमध्ये स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षी चीनमध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळालं. या स्पर्धेत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिथे उलटंच झालं. तिसऱ्या दिवशी ती ६१ फटक्यांत परतली आणि सात फटक्यांनी पुढे होती. शेवटच्या दिवशी ७७ लागले आणि थायलंडची अर्पिचाया युबोल पुढे गेली. ६१ आणि ७७, खेळाडू तीच, मैदान तेच.

घरी सोडवा: हांगझोउचा पार ७२. अदितीचे फटके ६७, ६६, ६१, ७७. एकूण किती झाले, आणि चार दिवसांच्या पारपेक्षा किती कमी? उत्तर उद्या वहीत लिहून आणा. पाचवीच्या मुलांनी वजाबाकी मोठ्या भावंडांकडून तपासून घ्यावी, करवून घेऊ नये.