सुखातही वारी चुकू नये

त्र्यंबकेश्वराहून श्रीनिवृत्तिनाथ महाराजांची पालखी दरसाल ज्येष्ठात पंढरीची वाट धरते. २०२० साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी राहिली. नाथांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी. गाडीने पंढरीस गेल्या. आपण नाशिककरांनी घरीच टाळ धरले. हरिपाठ चुकू दिला नाही. संकटात देव आपसूक आठवतो हो! २०२२ पासून वाट पुन्हा मोकळी झाली. आम्हांस वाटते, खरी कसोटी आता आहे. द्राक्षाला भाव मिळाला, पोरे मार्गी लागली, की एकादशी जड होते, टाळ खुंटीला लागतात. नाथांनी धाकट्या भावंडांचा वियोग सोसला, पण निष्ठा ढळू दिली नाही. आपल्याला तर सुखातच नेम सांभाळायचा आहे. तेव्हा माउलीहो, आज सांजेचा हरिपाठ चुकवू नका. रामकृष्णहरि!