हिरव्या पानांची कुरघोडी

प्रश्न : नोएडात अकराव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत टांगलेल्या ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’च्या पानांना पांढरा-गुलाबी काठ होता. वर्षभरात निम्मी वेल साधी हिरवी झाली. खत घातलं, उपयोग नाही. शिवाय पेरांवर मातकट गाठी आल्यात. कीड असेल का?

उत्तर : आधी गाठींचं पाहू, नाहीतर तुम्ही फवारणी उरकून मोकळे व्हाल. पिठ्या ढेकूण कापसासारखा पांढरा असतो आणि नखाने खरवडला की निघतो. तुमची गाठ निघणार नाही, कारण तो वेलीचाच कंद आहे, पाण्याची आणि अन्नाची शिदोरी. तो मातीवर टेकवून तारेच्या आकड्याने हलकेच दाबून ठेवा, मुळं धरेल. वेल मूळची दक्षिण आफ्रिकेची, पण कुळ ओळखीचं. कासच्या पठारावर पावसाळ्यात फुलणारं आपलं कंदीलपुष्प हिचं सख्खं भावंड, दोन्ही सेरोपेजिया. तेही उन्हाळा जमिनीखालच्या कंदावरच काढतं.

आता रंग. पांढरा काठ हा कसल्या कमतरतेमुळे येत नाही, म्हणून खताने परतही येत नाही. शेंड्याच्या टोकाशी पेशींचे थर असतात. दुरंगी वेलीत त्यांतल्या एखाद्या थराला हरितद्रव्य बनवताच येत नाही, त्याचा वाटा पानात पांढरा दिसतो. कधीतरी एखाद्या फुटव्यात सगळी जागा हिरव्या पेशी बळकावतात. असा फुटवा पूर्ण पानाने अन्न शिजवतो, अर्धपोटी भावंडांपेक्षा भराभर वाढतो आणि वर्षभरात कुंडी व्यापतो. तुम्ही घातलेलं खतही बहुतेक त्यानेच फस्त केलं असणार!

उपाय कात्रीचा. हिरवी सर मागे मागे तपासत जा आणि पांढऱ्या काठाचं शेवटचं पान जिथे दिसेल, त्याच्या जरा पुढे कापा. एखादी सर पूर्ण पांढरी निघाली तर हरखून जाऊ नका. ती स्वतः काही कमवत नाही, बाकीच्यांच्या जिवावर जगते. गुलाबी छटेचं मात्र निराळं. पांढरा शाबूत आणि गुलाबी तेवढा फिका असेल, तर उजेड कमी पडतोय. सकाळचं कोवळं ऊन द्या.

दिल्लीकडे ही वेल जाते ती बहुधा पाण्याने. लू सुटली की आपल्याला तिची दया येते आणि आपण रोज तांब्या ओततो. पण पंचेचाळीस अंशांत तिची वाढ जवळपास थांबलेली असते. न प्यायलेलं पाणी तापल्या कुंडीत साचतं आणि कंद सडतो. म्हणून पान चिमटीत धरून वाकवा. ताठ असेल तर थांबा, लिबलिबीत होऊन दुमडलं तरच पाणी घाला. माती निचऱ्याची हवी. इथले माळी ज्याला बदरपूर म्हणतात ती जाड लाल वाळू निम्मी मिसळा. जुलै-ऑगस्टच्या सरींत कुंडी छपराखाली घ्या. जानेवारीच्या धुक्यात पाणी अगदी जेमतेम, आणि पारा पाचाखाली जाईल त्या रात्री कुंडी घरात.

कापलेल्या हिरव्या सरी टाकू नका. दुसऱ्या कुंडीत लावल्यात तर शेजाऱ्यांना वाटण्याइतकी हिरवी वेल होईल, आणि दुरंगीपेक्षा तीच जास्त दांडगी निघेल.